कावेरीचा सोनेरी महाशीर

बंगळूर शहराला समुद्र नाही. पश्चिमेस जा किंवा पूर्वेस जा, शेकडो किलोमीटरांची वाट तुडविल्यावाचून खाऱ्या पाण्याचे दर्शन व्हावयाचे नाही. तरीही गळ टाकून मासे धरण्याचा नाद ह्या शहरात जुना आहे. ज्यांना तो जडला ते कनकपुऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेस सुमारे 100 किलोमीटरांवर कावेरीकाठी जात. भीमेश्वरी आणि गालिबोरे ही त्यांच्या मुक्कामाची ठिकाणे. शिवनसमुद्राचा धबधबा उतरून आलेली कावेरी तेथे डोंगरांच्या कुशीत खडकांवर आदळत वाहते. आणि थोडी पुढे, मेकेदाटूपाशी, ती इतकी आकसते की एखाद्या शेळीने उडी मारून पलीकडे जावे. मेकेदाटू ह्या कानडी शब्दाचा अर्थच मुळी तो आहे.

ह्या पाण्याचा राजा म्हणजे महाशीर. 1873 साली मद्रास इलाख्यातील एक सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्याने हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ह्या माशाची कीर्ती सातासमुद्रापलीकडे गेली. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका शिकाऱ्याने कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात 120 पौंडांचा महाशीर धरला. 

त्याला धरावयाचे तर साधन फार साधे लागते. नाव म्हणजे हरिगोलु. बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी वाटोळी टोपलीच ती. तिच्या बुडाला पूर्वी कातडे लावीत, आता प्लॅस्टिकचे कापड लावतात. हंपीपाशी तुंगभद्रेवर असल्याच टोपल्यांतून माणसे पैलतीरी जाताना सोळाव्या शतकात पोर्तुगीज प्रवाशाने पाहिली होती. तिला नाळ नाही आणि सुकाणूही नाही. एका वल्ह्याने तिला ताब्यात ठेवणे नवख्याचे काम नव्हे. आमिष म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवून घट्ट मळलेला, मसाला घातलेला गोळा. जो गोळा शेतकऱ्याच्या ताटात पडतो, त्याचाच हा भाऊ! खेकडा आणि लहान मासळीही चालते.

महाशिराच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, आणि तेथे तो खेकड्याचे कवचही भरडून काढतो. हलक्या प्रतीचा गळ त्याच्यापुढे टिकत नाही. आमिष तोंडात घेताच तो प्रवाहाबरोबर जी मुसंडी मारतो, तिच्यात दोरी झरझर सुटत जाते. ती एखाद्या खडकाच्या धारेवर घासली की खेळ संपला. म्हणून नावाडी तत्काळ हरिगोलु प्रवाहात लोटतो आणि माशाच्या मागे जातो. नावाडी व वाटाडे पुष्कळदा काठच्या गावचेच असत. त्यांतील काही तर पूर्वी सुरुंगाची दारू डोहात फोडून मासे मारणारे. डोह कोठे आहे आणि मासा कोणत्या खडकाआड विसावतो हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? गळाच्या शिकारीने त्यांना पगार दिला, आणि तेच नदीचे राखणदार झाले.

ह्या व्यवस्थेमागे 1972 साली बंगळुरात स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ ह्या संस्थेचा व पुढे कर्नाटक सरकारच्या ‘जंगल लॉजेस’ ह्या कंपनीचा हात होता. नियम असा, की धरलेला मासा तोलावयाचा, त्याची नोंद करावयाची आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडावयाचे. सोडतानाही घाई करावयाची नाही; दमलेल्या माशाचे तोंड प्रवाहाकडे धरून त्याच्या शेपटीत जोर येईपर्यंत थांबावयाचे.

आता प्रश्न असा, की हातात आलेला हा मासा कोणता? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कयाक नावाच्या अरुंद होडीतून कॅबेझॉन मासा धरणारे लोक आधी त्याची ओळख शिकतात. त्याला खवले नसतात आणि त्याची अंडी विषारी असतात; ओळख चुकली तर खाणाऱ्याच्या जिवावर बेतावयाचे. कावेरीत मात्र ओळख चुकली ती माशाच्या जिवावर बेतली.

कावेरीचा मूळ महाशीर पाहताक्षणी ओळखावा असा आहे. डोक्यामागून त्याची पाठ एकदम चढते, जणू वशिंडच. आणि त्याचे पर नारिंगी असतात. दुसरा महाशीर निळसर परांचा, त्याच्या पाठीची रेषा सौम्य. हा दुसरा मूळचा कावेरीचा नव्हे. कर्नल साइक्सने 1839 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून, आणि ‘खुडरी’ हे नावही त्याने इकडचेच घेतले. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ह्यांनी ह्या माशाची कृत्रिम पैदास साधली. ते काम खरोखरच मोठे होते. मात्र महाशीर तेवढे सारे एक, अशा समजुतीने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही पिले कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगला होता. नदीत महाशीर घटत होता, तो वाढावा, एवढीच इच्छा.

गालिबोऱ्याच्या नोंदवह्यांनी पुढची हकीकत सांगितली. 1998 ते 2012 ह्या काळात गळवाल्यांनी 23,000 हून अधिक तास पाण्यावर घालविले आणि 6,000 हून अधिक महाशीर धरले. माशांची संख्या वाढत होती, सरासरी वजन उतरत होते. आणि जे वाढत होते ते बहुतांशी निळ्या परांचे. सोनेरी मासा क्वचित दिसू लागला. दोष एकट्या पाहुण्यावर घालून भागणार नाही. धरणे, वाळूचा उपसा, सुरुंगाची दारू, शिवाय वृषभावती आणि अर्कावती ह्यांच्या वाटेने संगमापाशी कावेरीत येणारे बंगळूरचे सांडपाणी, हे सारे त्यात आहे. 2012 च्या सुमारास अभयारण्यातील गळाची शिकार कायद्याने बंद झाली. तिच्याबरोबर नोंदी थांबल्या आणि राखणदारांचा पगारही गेला. वन्यजीवांसाठी केलेल्या कायद्याने पाण्यातील डोळेच मिटावेत, हे विचित्र खरे.

ह्या सर्व काळात त्या सोनेरी माशाला निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. कित्येक जण त्याला ‘मुसुल्ला’ म्हणत. परंतु साइक्सचा मुसुल्ला शिरूरच्या घोडनदीतला, आणि तो महाशीरच नव्हे असे ठरले. ज्याला नाव नाही त्याची संकटग्रस्तांच्या यादीत नोंद कशी व्हावी? 2007 साली केरळातील पांबार नदीतल्या एका महाशिराला भारतीय प्राणि-सर्वेक्षणातील डॉ. रेमादेवी ह्यांच्या नावावरून ‘टॉर रेमादेवी’ असे नाव देण्यात आले होते. 2018 साली संशोधकांनी सिद्ध केले, की कावेरीचा सोनेरी महाशीर तो हाच. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

ही ओळख पटविण्यासाठी लागणारे मासे संशोधकांना कावेरीच्या मुख्य पात्रात मिळाले नाहीत. त्यासाठी त्यांना निलगिरीच्या पायथ्याच्या रानातून वाहणाऱ्या मोयार नदीवर जावे लागले. तेथील पाण्यात ते नारिंगी पर अजून शिल्लक होते.