माइकचा डबा संध्याकाळीच का घुमतो?



आज बोलायचं आहे माइकच्या डब्याबद्दल. किट आणून घरीच जोडलेला प्रीअँप, म्हणजे माइकमधला अगदी बारीक आवाज मोठा करून रेकॉर्डरला देणारा डबा. आमच्या बचत गटाकडेही एक आहे. दुपारी आवाज स्वच्छ, आणि दिवे लागले की घूं घूं सुरू. म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या, तर त्या मोकळ्या होतात संध्याकाळीच. ऐंशी पार केलेल्या आजीला "उद्या पुन्हा म्हणा" असं किती वेळा सांगणार?

तर अशी घूं घूं आली की पहिलं काम, अडॅप्टर काढा आणि नऊ व्होल्टची बॅटरी लावा. आवाज स्वच्छ झाला, तर डब्यात काही बिघडलेलं नाही. दोष बाहेरून येणाऱ्या विजेचा आहे.

तो कसा, ते सांगते. घरात यायला हवेत २३० व्होल्ट. पण रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं, पिठाची गिरणी लागली, घरोघरी दिवे लागले, की ते १७० पर्यंतही उतरतात. जुन्या पद्धतीचा, हातात जड लागणारा अडॅप्टर २३० वर १३ व्होल्ट देत असेल, तर १७० वर जेमतेम साडेनऊ देतो. किटमध्ये ७८०९ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. त्याचं काम नऊ व्होल्ट नेमके ठेवायचं, पण त्यासाठी त्याला निदान अकरा मिळावे लागतात. तेवढे मिळाले नाहीत की विजेची थरथर त्याच्यातून तशीच पुढे जाते आणि माइकमध्ये घुमते. आपण मात्र माइकला, वायरला, जोडणाऱ्या बाईलाही नावं ठेवतो!

यावर उपाय दोन. ओव्या, मुलाखती असं पुन्हा न मिळणारं काही असेल, तर रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. हा डबा वीज फार कमी खातो, एक बॅटरी कित्येक संध्याकाळी पुरते. दुसरा उपाय म्हणजे १००-२४० असं छापलेला, १२ व्होल्ट देणारा हलका अडॅप्टर. तो दाब उतरला तरी टिकतो. पण त्यातल्या स्वस्त मालात बारीक चिरचिर येते, म्हणून दुकानातच ऐकून घ्या.

आता बॅटरीवरही आवाज खराब किंवा बंदच असेल, तर डबा उघडायचा. भीती नको, नऊ व्होल्टला हात लागला तर काही होत नाही. भिंतीतल्या विजेचं तसं नाही. म्हणून अडॅप्टर कधीच उघडू नका, आणि डबा उघडा असताना तो जोडूही नका.

मल्टीमीटर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे किंवा वायरमनकडे मिळतो. तो डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरून ठेवायची, फिरवायची ती फक्त लाल.

आधी बॅटरी मोजा, तीही डबा चालू करून. थकलेली बॅटरी बंद डब्यात नऊ दाखवते आणि चालू केल्यावर सहावर येते. नवी बॅटरीसुद्धा झपकन उतरत असेल तर डबा लगेच बंद करा. एक तर सोल्डरचे दोन डाग एकमेकांना चिकटलेत, नाहीतर आयसी उलटी बसली आहे.

मग आयसी. बहुतेक किटांत टीएल०७२ किंवा ५५३२ असते, आठ पायांची. खाच वरच्या बाजूला धरली की डावीकडचा वरचा पाय पहिला. तिथून खाली चौथ्यापर्यंत मोजायचं, मग उजवीकडे खालून वर. आठव्यावर बॅटरीइतके व्होल्ट हवेत, चौथ्यावर शून्य. वाटेत डायोड असेल तर अर्धा-पाऊण व्होल्ट कमी दिसेल, तो बिघाड नव्हे. आठव्यावर काहीच नसेल, तर स्विच आणि बॅटरीच्या टोपीची तार बघा. ती तार आतून तुटते, वरून कळत नाही.

पहिल्या आणि सातव्या पायावर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास हवेत. हे निम्मे करतात दोन सारखे रेझिस्टर, आणि बायांनो, घोळ इथेच फार होतो. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार ओहम. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख. रात्री बल्बच्या उजेडात नारिंगी कोणता आणि पिवळा कोणता, ओळखू येत नाही. दोघांतला एक चुकीचा बसला की त्यांच्या मधल्या जोडावर साडेचारच्या जागी पाऊण-एक किंवा आठच्या वर दिसतात, आणि आवाज फाटका येतो. रंग दिवसा, अंगणात बसून बघा.

शेवटी माइकची बारकी डबी. तिच्या पत्र्याला जोडलेला पाय निगेटिव्हचा. दुसऱ्यावर पूर्ण नऊ दिसले, तर माइकपर्यंतची तार तुटलेली. शून्य दिसले, तर तार कुठेतरी पत्र्याला चिकटलेली, नाहीतर त्याला वीज देणारा रेझिस्टर सुटलेला. मधला आकडा असेल तर माइकला वीज नीट मिळते आहे.

डबा चांगला चालत असेल त्या दिवशी हे सगळे आकडे कागदावर लिहा आणि तो कागद झाकणाला आतून चिकटवा.