विरल न करता
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



“तू समुद्रात नक्की करतोस काय?” असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. एका वाक्यात सांगतो: मी पाणी तपासतो.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीत तिथे तेल लागलं. अशा विहिरीतून नुसतं तेल येत नाही, त्याबरोबर जमिनीखालचं पाणीही येतं. विहीर जुनी होत जाते तसं हे पाणी वाढत जातं. तेल वेगळं काढल्यावर जे पाणी समुद्रात सोडायचं, त्याला पर्यावरण संरक्षण नियमांची मर्यादा आहे. एका लिटरमध्ये ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नको. शंभरातल्या ९५ तपासण्यांत हे पाळलं गेलंच पाहिजे, आणि १०० मिलिग्रॅमच्या वर तर कधीच जाता कामा नये. दर आठ तासांनी एक, असे रोज तीन नमुने घ्यायचे.

या नियमात एक छोटी अट आहे: पाणी विरल न करता. विरल आणि संहत द्रावण आपण याच शाळेत शिकलो. लिटरला ८० मिलिग्रॅम तेल असलेल्या पाण्यात तेवढंच स्वच्छ पाणी ओतलं, की आकडा ४० होतो. कागद स्वच्छ होतो, पण समुद्रात तेल तेवढंच जातं.

एका कामावर मला सुचवण्यात आलं, “नमुना जरा पुढून घ्या.” पुढे म्हणजे जिथे यंत्रं थंड करणारं समुद्राचं पाणी त्याच नळात येऊन मिळत होतं. मी अलीकडूनच घेतला. आकडा मर्यादेबाहेर आला, तो तसाच नोंदवला. मग तेल वेगळं करणारं यंत्र उघडलं, तर ते वाळूने तुंबलेलं निघालं. ते साफ झाल्यावर आकडा खाली आला. माझा करार मात्र पुढच्या वर्षी वाढला नाही. घरी दोन मुलांची शिक्षणं चालू होती, तेव्हा ते दिवस सोपे नव्हते. पुढे दुसरीकडे काम मिळालं.

कायदा दिल्लीत होतो, पण तो पाळला जातो नमुन्याच्या बाटलीपाशी. ही बाटली काचेची लागते. नमुन्याच्या पाण्याने ती आधी विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहतं आणि आकडा चुकतो. “निरीक्षण जसं दिसलं तसंच लिहा, पुस्तकातलं उत्तर बघून लिहू नका,” असं आमचे विज्ञानाचे सर प्रयोगवहीवर सही करताना बजावायचे. माझ्या नोकरीची खरी नियमावली तीच.

आपल्यातल्या अनेकांच्या घरी आजही होडी आहे, मिठागर आहे. म्हणून एक विनंती करतो. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतला काही भाग शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा आणि मुलांनी दर महिन्याला खाडीचं पाणी तपासून वहीत नोंदवावं. शिकवायला मी सुट्टीत येईन.