महानगराचा नकाशा आणि आपण

(मुंब्रा येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘मुंबई महानगर प्रदेशाची ओळख’ हा विषय दिला आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नगररचनाकार नाही. पण रोज मुंब्र्याहून लोकलने ठाण्याला आणि तिथून गाडी बदलून ऐरोलीला जातो. म्हणजे सकाळी ठाणे महापालिकेचा रहिवासी आणि दहा वाजता नवी मुंबईतला नोकरदार. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच आहे. आपण एका शहरात राहत नाही, महानगरात राहतो. आणि त्याचा नकाशा आपल्याला कोणी शाळेत शिकवलेला नाही.

आधी तो नकाशा पाहू. उत्तरेला वसई-विरार आणि पालघर, पूर्वेला भिवंडी, कल्याण, बदलापूर, दक्षिणेला पनवेल, पेण, अलिबाग आणि पश्चिमेला समुद्र. २०१९च्या हद्दवाढीनंतर हा प्रदेश सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा झाला. यात नऊ महापालिका आहेत: बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय नगरपालिका आणि शेकडो गावं.

या किनाऱ्याशी आपलं नातं कालपरवाचं नाही. दहाव्या शतकात अल-मसुदी हा प्रवासी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला होता. तिथल्या मोठ्या मुस्लीम वस्तीचं वर्णन त्याने केलं आहे. चौल अलिबाग तालुक्यात, म्हणजे आजच्या महानगर प्रदेशातच येतं. माहीमचे मखदूम अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकातले, कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे विद्वान. त्यांच्या उरुसात संदलचा पहिला मान आजही मुंबई पोलिसांकडे असतो. हे मी अभिमान मिरवायला सांगत नाही. ‘तुम्ही कुठून आलात?’ हा प्रश्न आपल्याला विचारला जातो, तेव्हा कोकणी मुसलमानाकडे त्याचं उत्तर मराठीतच आहे, एवढंच सांगायचं आहे.

आता वाढीबद्दल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे धावली, आणि महानगर पुढे याच रुळांच्या कडेने पसरलं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. गिरण्या बंद झाल्या, घरं महाग झाली, माणसं बाहेर फेकली गेली. नोकऱ्या मात्र त्या प्रमाणात बाहेर आल्या नाहीत. गर्दीचं मूळ इथे आहे.

आपल्या मुंब्र्याची वाढ याशिवाय आणखी एका कारणाने झाली. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो कुटुंबं इथे आली. आमचंही त्यातलंच. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. अब्बा म्हणायचे, ‘दोन-तीन वर्षं काढू, मग परत जाऊ.’ ते परत गेले नाहीत. पंचवीस वर्षांनी मी नोकरीच्या जवळ भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरलं, टोकन द्यायला गेलो, तेव्हा नाव ऐकून एजंट म्हणाला, ‘सोसायटीत अडचण येईल.’ हातात चांगल्या कंपनीचं ओळखपत्र होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मी मुंब्र्यात राहतो ते मला मुंब्रा आवडतं म्हणून, असं आज म्हणू शकतो. पण निवड माझी एकट्याची नव्हती, हेही खरं आहे.

आणि याची किंमत पैशात मोजता येत नाही. ९ जून २०२५ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चौघे गेले. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली होती, तरी दाराबाहेर लटकणारी माणसं होतीच. ती कसाऱ्याकडची, कल्याणकडची, इकडची, सगळ्या जाती-धर्मांची होती. दारात लटकणाऱ्याला धर्म विचारत कोणी नाही.

मग हा प्रश्न कोणाचा? रेल्वे केंद्राची. स्थानकाबाहेरचा रस्ता महापालिकेचा. घरं आणि नोकऱ्या कुठे व्हाव्यात हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा १९७५ साली स्थापन झालेल्या एमएमआरडीएचा, आणि तिथे कोणाला पाठवायचं यासाठी आपण थेट मत देत नाही. आमच्या कामात असं होतं: प्रत्येक मॉड्यूल आपापल्या चाचणीत पास होतं आणि सिस्टिम मात्र बंद पडते. कारण दोष जोडणीत असतो आणि जोडणीची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते.

संविधानाने यावर विचार केलेला आहे. ७४व्या घटनादुरुस्तीतल्या अनुच्छेद २४३ झेडईनुसार प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती हवी. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या प्रमुखांनी आपल्यातून निवडायचे असतात. या समितीचं नाव इथे किती जणांनी ऐकलं आहे? हात वर करा... एकही नाही. मीही दोन वर्षांपूर्वी ऐकलं नव्हतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि ठाणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं नगरसेवकांविना प्रशासकाने कारभार पाहिला. तेव्हा आपण त्याविरुद्ध किती सभा घेतल्या?

थोडं कडू बोलतो, माफ करा. आपल्या मोहल्ल्यात निवडणुकीला उमेदवार येतो, तेव्हा आपण कब्रस्तानाची भिंत मागतो, ईदगाहचं मैदान मागतो. मागावंच, तो हक्क आहे. पण फुटपाथ, मुलींसाठी सरकारी कॉलेज, रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या बहिणींसाठी स्थानकाबाहेर दिवे, हे आपल्या निवेदनात सर्वांत शेवटी येतं किंवा येतच नाही. निवेदन लिहिणाऱ्यांत बहिणी नसतात, म्हणून येत नाही. आजच्या या सभागृहातही मागच्या दोनच रांगा त्यांच्या आहेत.

आणि आपल्याच तक्रारीपुरतं पाहणंही पुरेसं नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. आपल्या नळाला पाणी कमी येतं म्हणून आपण ओरडतो, तेव्हा त्या पाड्यावरची बाईही आपल्याइतकीच नागरिक आहे हे लक्षात ठेवायला हवं.

मग करायचं काय? तीन कामं सांगतो. एक, आपल्या प्रभागाचं अंदाजपत्रक मिळवा आणि चार जणांनी बसून वाचा. मिळालं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन, विकास आराखड्याचा मसुदा निघाला की मुदतीत हरकती नोंदवा. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या आणि सरकारला तो मागे घेऊन दुरुस्त करावा लागला. त्या साध्या नागरिकांनी लिहिल्या होत्या. तीन, दिवा, कळवा, डोंबिवलीच्या प्रवासी संघटनांच्या बैठकांना जा. आपलं वेगळं निवेदन काढण्याआधी त्यांच्या निवेदनावर आपली सही असू द्या.

अब्बा परत जायची वाट पाहत राहिले, म्हणून त्यांनी इथल्या गटाराबद्दल कधी अर्ज केला नाही. माझी मुलगी इथेच जन्मली आहे. तिच्यासाठी मी पहिला अर्ज मागच्या महिन्यात केला. तीस दिवस अजून व्हायचे आहेत. उत्तर आलं की तुम्हाला कळवीन.