कोंबड्या आपल्या, गडगा मुंगसाचा

गेल्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "गावी थोडी जागा आहे, दहा-बारा कोंबड्या पाळू का?" पाळा की! फक्त एक लक्षात घ्या, कोंबडी पाळायची म्हणजे कोंबडी खाणाऱ्यांच्या शेजारी राहायचं. रील्समध्ये अंडी दिसतात, हे शेजारी दिसत नाहीत.

आमचं घर कणकवलीच्या बाजूला. मागे परडं, त्यात लाल माठ, अळू, केळी, चार नारळ. भोवती जांभ्या दगडाचा जुना गडगा. त्या गडग्याच्या फटींमध्ये मुंगूस राहतं, धामण राहते, आणखी कोण कोण राहतं देव जाणे.

यंदा जानेवारीत एक कोंबडी खुडूक बसली. टोपलीत भाताचा पेंढा घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. पिल्लं बाहेर यायला 21 दिवस लागतात. सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू वाढतंय. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडं फळलेलं नाही, काढून टाकायचं. (मोबाईलचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.) दोन अंडी निघाली रिकामी, नऊ पिल्लं झाली. सातव्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यात लासोटा लशीचा एक थेंब. ही लस मानमोडीवरची, म्हणजे रानीखेत रोगावरची. ती बर्फात ठेवूनच आणायची आणि एकदा कालवली की लगेच संपवायची. कुपी बहुधा शंभर पिल्लांची मिळते, म्हणून आम्ही वाडीतली तीन-चार घरं मिळून एकच आणतो.

आणि मग दहा दिवसांत नवाची पाच झाली. दोन शिक्र्याने उचलली, दोन मुंगसाने नेली, तीही भर दिवसा. मुंगूस दिवसाच फिरतं. रात्री येतं ते उदमांजर.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "गडग्यात औषध घाल गो, एका रातीत सगळा मिटतला." काकींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कोंबड्यांवर घरातला मीठ-मसाला सुटतो, आणि रोज एक पिल्लू जायला लागलं की कुणाचंही डोकं फिरतं. पण मी औषध घातलं नाही. एक तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला मारणं गुन्हा आहे. दुसरं म्हणजे विष काही नाव विचारून पोटात जात नाही. ते आमचा कुत्रा खाईल, कोंबड्याच टोचून खातील, नाहीतर विषाने मेलेला उंदीर घुबड उचलेल. आणि मुंगूस, धामण दोघंही गेली की गडगा रिकामा राहतो असं वाटतं का तुम्हाला? तिथे उंदीर येतात. तेही अंडी पळवतात, लहान पिल्लं ओढतात, आणि वर भाताच्या कणग्याही फोडतात.

मग काय केलं? खुराड्याची षटकोनी जाळी काढली. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. तिथे अर्धा इंच चौकोनाची वेल्डमेश लावली आणि खाली एक फूट जमिनीत गाडली, कारण मुंगूस उकरतं. पिल्लांच्या जागेवर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं, शिक्र्यासाठी. खर्च झालाच, पण तो एकदाच.

बाकी राखण कोंबडाच करतो. त्याचं ओरडणं नीट ऐका. आभाळात शिक्रा दिसला की एक लांब, बारीक किंकाळी येते आणि सगळी पिल्लं झुडपाखाली चिडीचूप होतात. जमिनीवरून कुणी आलं तर सारखा कॉक-कॉक कलकलाट. आता स्वयंपाकघरात बसून मला कळतं, वर बघत बाहेर पळायचं की गडग्याकडे बघत.

हो, आणि भाजीचं विचारलं होतं एकाने. कोंबड्या वाळवी, किडे वेचतात, पण लाल माठाचा वाफा अर्ध्या तासात उकरून ठेवतात. त्यामुळे आमच्याकडे वाफ्यांना कुंपण आणि कोंबड्या मोकळ्या.

ती पाच पिल्लं आता मोठी झालीत. तीन तलंगा, दोन कोंबडे. मुंगूस अजून रोज दहाच्या सुमारास गडग्यावरून जातं, थांबून जाळीकडे बघतं, पुढे निघतं. चला, अंधार पडतोय, खुराड्याची कडी लावायची आहे. भेटू पुढच्या शुक्रवारी.