बारीक गोळी आणि भेकर



भांडुप स्टेशनला पश्चिमेला उतरून टेंभीपाड्याच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात चढ लागतो. कोकणनगर, तुळशेतपाडा, खिंडीपाडा. घरांची शेवटची रांग संपते तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान सुरू होतं, आणि त्या रानात आत विहार आणि तुळशीचे तलाव. पाऊस सरला की संध्याकाळी कधीतरी त्या बाजूनं भुंकल्याचा आवाज येतो. एकच भुंकणं, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा एक. नवख्या माणसाला कुत्रं वाटतं. ते भेकर असतं. जवळपास बिबट्या आहे, असं ते साऱ्या रानाला सांगत असतं.

आमच्या या चढावर सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ. मी बरीच वर्षं रायफल नेमबाजी शिकवतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून गणपती किंवा शिमगा करून गावाहून परतलेला एखादा तरुण मला हमखास विचारतो, "काका, आमच्या आजोबांची पॉइंट टू-टू रायफल घरात आहे. भेकराला कोणती गोळी चालते हो?"

कायद्यानं उत्तर सोपं आहे : कोणतीच नाही. पण मी एवढ्यावर थांबत नाही. "कायदा आहे" म्हटलं की मुलगा गप्प होतो, पण त्याच्या मनातला समज तसाच राहतो. समज असा, की बारीक रायफल म्हणजे सौम्य हत्यार. आवाज कमी, धक्का कमी, म्हणून जनावरालाही त्रास कमी. हा समज पूर्ण चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हेच मला आज सांगायचं आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू. आपण सरसकट 'गोळी' म्हणतो, पण बंदुकीत भरतो ते काडतूस. त्याची पितळी पुंगळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारा मसाला आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की पुंगळी मागेच राहते, पुढे जाते ती फक्त गोळी. पॉइंट टू-टू म्हणजे इंचाच्या शंभर भागांतले बावीस भाग, सुमारे 5.6 मिलिमीटर. शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा थोडी कमी जाडी. तिचं नेहमीचं वजन 40 ग्रेन, म्हणजे 2.6 ग्रॅम. खिशातलं एक रुपयाचं नाणंही याहून जड असतं.

आता ताकद. गोळीची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. साधी पॉइंट टू-टू गोळी सेकंदाला सव्वातीनशे-साडेतीनशे मीटर जाते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास. हिशेब केला तर नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आगेमागे येते. तिच्याच जाडीची बहीण म्हणजे टू-टू-थ्री. गोळीची जाडी जवळजवळ तीच, वजन साडेतीन ग्रॅम, पण मागे दारू कितीतरी जास्त आणि वेग सेकंदाला हजार मीटरच्या जवळ. तिची ऊर्जा सतराशे ज्यूलच्या घरात. म्हणजे एकाच जाडीच्या दोन गोळ्यांत दहापटींहून अधिक फरक. 'बारीक रायफल' एवढ्या शब्दानं म्हणूनच काही कळत नाही.

जिथे हरणांची शिकार कायदेशीर आहे, त्या देशांनी हा हिशेब कायद्यातच लिहून ठेवला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणांसाठी 1991 चा कायदा आहे. त्यात मोठ्या हरणांसाठी किमान 1,700 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 2,300 ज्यूल ऊर्जा सांगितली आहे, आणि गोळीची जाडी पॉइंट टू-फोर-झीरोहून कमी चालत नाही. वजनानं आपल्या चितळाच्या जवळ जाणारं तिथलं फॅलो हरीण यात येतं. म्हणजे टू-टू-थ्रीसुद्धा चितळाएवढ्या जनावराला तिथे बेकायदा. मंटजॅक नावाच्या छोट्या हरणाला थोडी सवलत आहे : जाडी पॉइंट टू-टू-झीरो, गोळी किमान 50 ग्रेनची आणि ऊर्जा 1,000 फूट-पौंड, म्हणजे साडेतेराशे ज्यूल. हे मंटजॅक म्हणजे चीनमधून तिकडे नेलेला आपल्या भेकराचाच भाऊबंद. वीस-पंचवीस किलोच्या भेकराला साडेतेराशे ज्यूल लागतात, आणि आजोबांच्या रायफलीत आहेत दीडशे.

ऊर्जा झाली, पण गोळीची घडण त्याहून महत्त्वाची. पूर्ण तांब्याच्या पत्र्यात मढवलेली गोळी शरीरातून सुईसारखी आरपार जाते. जनावर पळतं आणि कुठेतरी जाळीत तासन्‌तास तडफडतं. म्हणून शिकारीची गोळी टोकाशी उघडी ठेवतात, मऊ शिशाची. आत शिरताच ती अळंब्यासारखी फुलते आणि रक्तदाब एका क्षणात खाली आणते. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात अशी फुलणारी गोळी लष्करासाठी तयार झाली, आणि 1899 च्या हेगच्या परिषदेनं युद्धात ती वापरायला मनाई केली. माणसावर जी गोळी क्रूर ठरली, तीच जनावरासाठी इंग्लंडच्या कायद्यानं सक्तीची केली. विसंगती वाटेल, पण नाही. सैनिक जखमी झाला तर त्याला उचलून दवाखान्यात नेणारं कुणीतरी असतं. भेकराला कुणी नसतं.

वेगवान पण बारीक गोळीचा प्रश्न आणखी नाजूक. ससा-कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी बनवलेल्या टू-टू-थ्रीच्या गोळ्यांचं आवरण फार पातळ असतं. हरणाच्या खांद्याच्या हाडावर ती गोळी आपटली की वरच्यावर फुटते. बाहेर मोठी जखम दिसते, पण फुफ्फुसापर्यंत काही पोहोचत नाही. म्हणून त्या देशांतले जाणते शिकारी शिसं आणि आवरण एकजीव केलेली, किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घेतात. त्यातही नळीच्या आतले आटे पाहावे लागतात. लांब, जड गोळीला फिरकी जास्त लागते. बारा इंचांत एक फेरा देणारी जुनी नळी जड गोळीला नीट फिरवत नाही. गोळी डगमगते, आडवी लागते आणि नेम असूनही घाव चुकतो. एवढं सगळं जुळवूनसुद्धा बारीक गोळी चूक पोटात घालत नाही. मोठ्या गोळीला चार बोटांची चूक चालून जाते, बारीक गोळीला नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो त्याआधी डोळ्यांनी पाहिलं होतं. 1969 चा डिसेंबर. मी शाळकरी मुलगा, कणकवली तालुक्यात मामाकडे सुट्टीला गेलेलो. मामाकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर होती. वाड्यातल्या एका घरी मुंबईहून पाहुणे आले होते, त्यांच्याजवळ नवी कोरी पॉइंट टू-टू. सांजेला कुळथाच्या मळ्याकडेला भेकर दिसलं आणि पाहुण्यांनी बार टाकला. फटाका फुटावा तेवढाच आवाज. भेकर पाठ वाकवून उडालं आणि करवंदीच्या जाळीत गेलं. आम्ही पोरं धावणार, तेवढ्यात मामानं मला दंडाला धरून खाली बसवलं. "बस हय. लगेच पाठसून धावलंस तर ता लांब जातला."

अर्ध्या तासानं मामा कंदील घेऊन उठला. त्यानं पानावरचं रक्त बोटावर घेतलं. फुफ्फुसाचं रक्त लालभडक आणि फेसाळ असतं, यकृताचं काळपट. या रक्तात हिरवट पाणी होतं. म्हणजे गोळी पोटात. मामानं पाहुण्यांकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. रात्री दहापर्यंत आम्ही शोधत होतो. ते सापडलं दुसऱ्या दिवशी उजाडताना, व्हाळाच्या काठी. पोटात जखम झालेलं जनावर पाण्याकडे जातं. कोल्हे आमच्याआधी पोहोचले होते. ते भेकर रात्रभर जिवंत होतं, हे त्याच्या खुरांनी उकरलेल्या मातीवरून दिसत होतं. त्यानंतर मामाच्या बारा बोअरचा बार भेकरावर झालेला मी पाहिला नाही.

तेव्हाही रान मोकळं नव्हतं, हे इथे सांगितलं पाहिजे. मुंबई राज्याचा 1951 चा वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा होताच. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला काही जनावरांसाठी परवान्यानं शिकारीची वाट होती, ती 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. आज भेकर, चितळ, सांबर, चौशिंगा, अगदी तीन किलोची पिसोरीसुद्धा मारता येत नाही. आणि 'शिकार' या शब्दात मारणं एवढंच येत नाही : हाका घालणं, फास लावणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं आलं. राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकणं हाही गुन्हा आहे, आणि आत शिकार केली तर शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. गावातल्या बंदुकीवर 'शेतसंरक्षण' लिहिलेलं असलं तरी तो हरणाचा परवाना नव्हे. रात्री बॅटरीच्या झोतात डोळे दिपवून टाकलेला बार तर शेतीचं रक्षण म्हणून कधीच सांगता येणार नाही.

मग तो मुलगा विचारतो, "म्हणजे रायफल गंजू द्यायची?" नाही. परवाना तपासून घे, वारसाहक्कानं नावावर करायची तर पोलिसांकडे रीतसर अर्ज कर, आणि रेंजवर ये. पॉइंट टू-टूची खरी जागा तिथे आहे. स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक जिंकलं, ते याच जाडीच्या गोळीनं. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी केलेला हा मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. राधानगरीचं जंगल हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं, 1958 मध्ये ते राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. स्वप्नीलच्या आधी, 2010 मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं.

गोळी निवडायचं खरं कसब बघायचं असेल तर या खेळात बघावं. 50 मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. इथे गोळी साधी शिशाची, गोल डोक्याची, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली. आवाजाचा वेग ओलांडताना किंवा त्याच्या खाली येताना हवेचे हिसके बसतात आणि गोळी हलते, म्हणून तो उंबरठा टाळायचा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन घाणे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनवलेले दोन साठे, एका नळीतून सारखे लागत नाहीत. म्हणून नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसं झाडून बघतात, आणि ज्या घाण्याची भोकं कागदावर सगळ्यांत जवळजवळ पडतात त्याची खोकी वर्षभरासाठी घेऊन ठेवतात. मी शिकवताना नव्या मुलांना पहिले काही दिवस फक्त हेच करायला लावतो. कंटाळतात. मग एक दिवस पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक पडतं, आणि त्यानंतर त्यांना घरी जा म्हणून सांगावं लागतं.

शेवटी आमच्या चढावरच्या मंडळींना एक विनंती. उद्यानाच्या कडेनं फिरताना जमिनीलगत ताणलेली वायरची फासकी दिसली, रात्री बंदुकीचा बार ऐकू आला, किंवा जखमी भेकर-चितळ वस्तीत उतरलं, तर जवळ जाऊ नका आणि गर्दी करू नका. हरणाचं काळीज फार हळवं असतं. माणसांनी घेरलं की जखमेनं नाही तरी धास्तीनं ते मरतं. कुत्री बांधून ठेवा, जागा आणि वेळ लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. हा फोन चोवीस तास चालू असतो.