माशाची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त येलहंका येथे दिलेले भाषण)



आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर; उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. रसायन आणि मासे हा विषय आम्ही निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु कारखान्यांच्या सांडपाण्याविषयीच्या कागदांत 'मासे जिवंत' असा शेरा वारंवार वाचनात येई. त्याचा अर्थ जाणून घेतल्यावाचून आम्हांस राहवेना.

चाचणी अशी असते. काचेच्या पाच टाक्यांत रसायनाची चढती मात्रा घालतात; सहावीत निव्वळ स्वच्छ पाणी. प्रत्येकीत किमान ७ मासे; पुष्कळदा चिमुकला पट्टेरी झेब्रा मासा, जो मूळचा आपल्याच भागातील ओढ्यानाल्यांतला. ९६ तास त्यांना खाद्य नाही. मेलेल्यांची रोज मोजदाद. ज्या मात्रेने निम्मे मासे दगावतात तिला 'एल.सी. ५०' म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितके विष जहाल. ही रीत १९८१ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आली आणि २०१९ साली सुधारली गेली.

तिची दोन पथ्ये आम्हांस विशेष भावली. स्वच्छ पाण्यातलेच मासे दहा टक्क्यांहून अधिक मेले, तर चाचणी बाद. पाण्यातील प्राणवायूही संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली जाता कामा नये. कारण गुदमरून मेलेल्या माशाची साक्ष रसायनाविरुद्ध चालत नाही. मार्च २०१६ मध्ये आपल्या अलसूर तलावात हजारो मासे मरून तरंगले, तेव्हा सांडपाण्यामुळे घटलेला प्राणवायू हेच कारण पुढे आले होते. तलावात मात्र दोन्ही आरोपी एकत्र नांदतात.

आता स्वतःच्या घराकडे वळू. धुण्याच्या पावडरीत बहुधा 'लिनिअर अल्किलबेन्झीन सल्फोनेट' नावाचे रसायन असते. माशांसाठी त्याचा हा आकडा सामान्यतः लिटरला काही मिलिग्रॅम एवढाच असतो; म्हणजे बादलीभर पाण्यात चिमटीहूनही कमी. ते माशांचे कल्ले बिघडवते. प्राणवायू असेल तेथे जिवाणू त्याचे विघटन करतात. प्राणवायूविरहित गाळात ते साचून राहते. बेळ्ळंदूर तलावाचा जो फेस रस्त्यावर आला आणि २०१५ साली पेटलाही, त्यात आपल्या न्हाणीघरांचा वाटा होता, हे नाकारता येणार नाही.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे कारखान्याच्या पाण्यात, ते पातळ न करता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. नियम उत्तम आहे. पण सत्त्याण्णवाव्या तासाचे काय? जो जगला त्याची वाढ खुंटली का, त्याने घातलेली अंडी फळली का, हे ही चाचणी विचारीत नाही. 'मासे जिवंत' म्हणजे 'पाणी निर्धोक' नव्हे. असा शेरा वाचून फाइल मिटण्याची सवय आम्हांसही होती, हे येथे कबूल करतो.

२०२१ पासून माशाच्या कल्ल्यातील पेशींवर करावयाची चाचणीही मान्य झाली आहे; मुक्या जिवांचे मरण त्यामुळे काहीसे टळेल. आपल्या हाती त्याहून सोपे काम आहे. पावडर मापाने घालावी, आणि येलहंक्याच्या तळ्यावर फिरावयास गेल्यावर काठाशी क्षणभर थांबून पाण्याकडे पाहावे. तेथला मासा रोज साक्ष देत असतो. ती ऐकणारा कोणी हवा.