चोखोबाचा कर्ममेळा



घरातलं कर्तं माणूस जातं. मग त्याच्या पोराकडे बघून लोक बोलू लागतात. "अगदी बापावर गेलाय हो!" पोराला बरं वाटतं. पुढं तेच लोक म्हणतात, "बाप असा नव्हता. हा भलताच निघाला." पोर गप्प होतं. मी कोण? बापाची सावली, की वेगळा माणूस? शाळेत अशी पोरं आम्ही पुष्कळ पाहिली.

आज आम्ही अशाच एका मुलाविषयी सांगणार आहोत.

संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीने महार. विठ्ठलाचे थोर भक्त. पण देवळात जायची त्यांना बंदी होती. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चाललं होतं. भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. पंढरपूरला नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे.

त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, सगळे अभंग रचीत. मुलगा कर्ममेळा, तोही रची.

लोक म्हणणार, बापाचाच मुलगा! खरंच आहे. पण दोघांचे अभंग शेजारी ठेवून वाचा. बापही देवाला गाऱ्हाणं सांगतो. पण पुष्कळदा देवाच्या पायाशीच विसावतो. मुलगा जाब विचारतो. आमच्याच वाट्याला हलकी जात आणि उष्टं अन्न का, असं तो देवालाच विचारतो.

मग त्यानं बापाला टाकलं का? नाही. अभंगाच्या शेवटी रचणारा आपलं नाव घालतो. कर्ममेळा तिथं बापाचंही नाव घालतो. आपण चोखोबाचा कर्ममेळा, असं सांगतो. नाव बापाचं, प्रश्न स्वतःचा!

तो प्रश्न सहाशे वर्षं दाराशी उभा होता. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं झालं.

मंडळी, आता तुम्ही सही करायला शिकलात. आधी आपलं नाव, मग वडिलांचं. दोन्ही ठळक लिहा. आणि घरात बापावेगळं लेकरू असेल, तर "बापासारखा हो" असं त्याला रोज ऐकवू नका. बापाच्या गोष्टी जरूर सांगा. मग विचारा, "बाळा, तुला काय वाटतं?"

आणि ते बोलेल ते नीट ऐकून घ्या.